लेकी दिलेली गावं

गडचिरोलीतल्या त्या गावात मी शिक्षिका होते. खाणीसाठी डोंगर मोजायला माणसं आली, त्या सकाळी आसपासच्या गावांतल्या बायका वाटेवर येऊन बसल्या होत्या. मागे पूर्वजांच्या नावानं उभे केलेले दगड होते.

मोजणीचे साहेब वैतागून एका म्हातारीला म्हणाले, “आजी, तुमचं गाव नदीपलीकडे. तुमचा इथं काय संबंध?”

“माझी लेक इथं दिलीय,” ती म्हणाली आणि शेजारी बसलेल्या इथल्या बाईकडे बोट दाखवत पुढे बोलली, “हिची सून आमच्याकडची. डोंगर गेला तर सगळ्यांचाच जातो. आता उठवून दाखवा आम्हाला.”

संघटना सभा-पत्रकांतून उभी राहते, असं मी समजत होते. इथं ती सोयरिकींनी कधीच बांधून ठेवली होती.

मोजणीवाल्यांची गाडी माघारी वळली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उद्या ती पुन्हा येणार, हे ओळखून बायकांनी वाटेच्या मधोमधच चुली मांडल्या.