अक्काने न मोजलेला महिना

अक्का गेल्याचा निरोप बोर्लीला शाळेत आला तेव्हा मी सहावीचे पेपर तपासत होतो. धावतपळत दिघी गाठली, तर आगरदांड्याची होडी नुकतीच सुटलेली. ती परत येईपर्यंत तासभर मी धक्क्यावर नुसत्या येरझाऱ्या घातल्या. अक्का असती तर म्हणाली असती, "बाळू, तू फेऱ्या मारल्यास म्हणून होडी लवकर येते का रे?" स्वतः मात्र ती आयुष्यात दहा मिनिटं एका जागी बसली नाही... रेवदंड्याला पोचलो तेव्हा तिला अंगणात आणून ठेवलं होतं. त्याला आता पाच आठवडे झाले.

माझी ही थोरली बहीण ऐन तिशीत विधवा झाली. नारळ-सुपारीची वाडी तिने एकटीने सांभाळली आणि एकुलती लेक, कुसुम, वाढवली. आठ वर्षांपूर्वी कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि नातवंडाचं तोंड पाहण्याआधी रामेश्वराचा नवस फेडायचा असं अक्काने मनात घेतलं. मला मे महिन्याची सुट्टी, म्हणून सोबतीला मी. घरी कुसुमजवळ अक्काची जाऊ होती. "पोरीचे दिवस ज्येष्ठात भरतात, तोवर आपण दोनदा जाऊन येऊ," अक्का म्हणाली. त्या वर्षी ज्येष्ठ दोन होते, आधी अधिक आणि मग निज. अधिक महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, तो कुठल्याच कार्यात धरत नाहीत. म्हणून अक्काने तो कुसुमच्या दिवसांतही धरला नाही! आणि गणिताचा मास्तर असलेल्या मी खुशाल मान डोलावली.

धनुष्कोडीचं स्नान झालं, रामेश्वराचं दर्शन झालं. मदुरा, कन्याकुमारी अजून बाकी होती. धर्मशाळेत कऱ्हाडकडच्या एक बाई भेटल्या. अक्काने कौतुकाने लेकीचं सांगितलं, तर त्या हसल्या. "अहो, पोटातल्या पोराला काय कळतंय अधिक नि निज?" अक्काचा चेहरा खर्रकन उतरला. भाद्रपदापासून तिने कुसुमचे महिने पुन्हा बोटांवर मोजले, एकदा, दोनदा, तीनदा... मग उठली आणि वळकटी बांधायला लागली.

परतीचा प्रवास मी जन्मात विसरणार नाही. मद्रासला गाडी बदलताना ती हमालाच्याही पुढे पळत होती. डब्यात शेजारच्यांनी दिलेली इडली तिने हातातच धरून ठेवली. दर स्टेशनाला एकच प्रश्न, "मुंबई किती राहिली रे?" शेवटी मी वैतागलो. "इंजिन काय मी चालवतोय?" ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत बसली. ते बोलणं आजही माझ्या मनाला टोचतं.

रेवसमार्गे रेवदंड्याला पोचलो ते सकाळी दहाला. रामेश्वराहून आलेल्याने थेट घरी जायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. वेशीजवळच्या देवळात थांबायचं, गाव वाजतगाजत येतं, पाय धुतं आणि मिरवत घरी नेतं. पुजारी म्हणाले, मंडळी चारला जमतील. अक्का तशीच निघाली होती. तिला मी अडवलं. "एवढी यात्रा फुकट घालवणार का? काही असतं तर घरून कोणी आलं नसतं? बस जरा." आणि उभ्या आयुष्यात कोणाचं न ऐकणारी माझी बहीण माझं ऐकून देवळाच्या पायरीवर बसली.

आपण आल्याचं घरी कोणाला ठाऊकच नव्हतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

अकराच्या सुमारास हिरूबाई कोळीण मासळीची पाटी घेऊन वाडीकडून आली. अक्काला बघून तिथेच थबकली. "आक्का, देवलान कशाला बसलीस गो? तुजी पोर सकालपासून तुज्या नावानं हाका मारते! घरा चल!"

प्रसादाचं गाठोडं पायरीवरच राहिलं. अक्का अनवाणी धावली, वाडीतून, पाटाच्या चिखलातून. मागच्या दाराशी आम्ही पोचलो आणि आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. कुसुम एवढंच म्हणाली, "आई, तू हवी होतीस गं."

गावाने नावं ठेवली, यात्रा वाया गेली म्हणाले. अक्काने ते मनावर घेतलं नाही, आणि मलाही कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

आता आठ वर्षांनी कुसुमचे पुन्हा दिवस भरत आले आहेत. आईच्या दिवसांना आली ती माहेरीच राहिली. परवा अक्काची खोली आवरताना भिंतीवरचं वाण्याच्या दुकानातलं कॅलेंडर काढायला गेलो. पुढच्या महिन्याच्या पानावर एका तारखेभोवती कुंकवाचं कडं होतं, आणि खाली तिच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, "कुसुम. कुठेही जायचे नाही. घरीच राहणे."

मी कॅलेंडर तसंच राहू दिलं. त्या तारखेला अजून सतरा दिवस आहेत. शाळेत रजेचा अर्ज देऊन टाकला आहे. आतल्या खोलीत माझा काही उपयोग नाही, हे मला कळतं. पण मी मागच्या दाराशी बसून राहणार आहे.