पडद्यावर माझं तोंड

पडद्यावर माझं तोंड होतं. अर्धं उघडं. शब्द अर्धा बाहेर आलेला, आणि सरांनी व्हिडिओ नेमका तिथं थांबवलेला.

"ऐकलं?" सर बॅचला म्हणाले. "परत ऐका."

परत लावला. पडद्यावरची मी म्हणाली, "आनि." बॅच हसली. सरांनी तिसऱ्यांदा लावला. आता पुढच्या बाकावरच्या पोरांनी एका सुरात म्हटलं, "आनि." मागून कुणीतरी "नाय, नाय" केलं. कारण त्याच वाक्यात पुढं मी नाय म्हणाले होते.

मी तिसऱ्या रांगेत होते. सर माझ्याकडं बघून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा दोष नाही. वळण घरातून येतं."

मी हसले. हे लिहायला लई जड जातं, पण खरं ते खरं. सगळे हसत होते म्हणून मी पण हसले.

सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांच्या मुलाखतींची तयारी करून घेणारा तो क्लास. औरंगपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर. काचेची एक खोली, आत टेबल, दोन खुर्च्या, स्टँडवर कॅमेरा. त्या खोलीत सर खोटी मुलाखत घ्यायचे आणि ती रेकॉर्ड व्हायची. सर पुण्यात मोठ्या कंपनीत बरीच वर्षं होते, मग घरच्यांसाठी परत आले. "आमच्या घरात तीन पिढ्या मास्तर," असं ते पहिल्याच दिवशी सांगायचे. त्यांच्या ओळखी होत्या. कंपन्या त्यांना फोन करून पोरं मागायच्या. त्यांनी नाव पुढं केलं की निदान मुलाखतीला बोलावणं यायचं. आमच्यासारख्यांचा अर्ज एरवी कोण उघडतो?

आमच्यासारखे म्हणजे कोण, तेही सांगते. माझं गाव अजिंठ्याजवळ. बौद्ध घर. बाप गवंडी, माय अंगणवाडीत मदतनीस. घरात कॉम्प्युटर शिकलेली मी पहिली. पदवी शहरात केली, मुकुंदवाडीत मावशीकडं राहून. मावशी चिकलठाण्याला औषधाच्या कंपनीत गोळ्या पॅक करते. तिच्या पत्र्याच्या खोलीत बसून मी वेबसाइट बनवायला शिकले. जुना लॅपटॉप, चार्जर लावला तरच चालणारा. पण शिकले. चांगलं शिकले.

त्या व्हिडिओत सरांनी मला विचारलं होतं, एका वेबसाइटवर लाखो नोंदी आहेत, शोधायला गेलं की लई वेळ लागतो, तू काय करशील? मी इंग्रजीत सुरू केलं आणि अडकले. सरच म्हणाले, मराठीत सांग, चालेल. मग मी सांगितलं, इंडेक्स लावीन. इंडेक्स म्हणजे काय ते आमच्या विहारातल्या कपाटावरून सांगितलं. विहारात पुस्तकांचं एक कपाट आहे, दहावीपर्यंत ते माझ्याकडं होतं. कोणतं पुस्तक कोणत्या कप्प्यात, ते मी एका वहीत लिहून ठेवलं होतं. कुणी पुस्तक मागितलं की वही बघायची. आनि सगळं कपाट उपसायची गरज नाय. हे माझं वाक्य.

सरांनी व्हिडिओ तिथंच कापला होता. त्याच्या पुढचं माझं उत्तर बॅचनं ऐकलंच नाही. आणि त्या दिवशी मी पण ते विसरले. मला एवढंच कळलं की माझी जीभ चुकीची आहे.

मग जीभ दुरुस्त करायला घेतली.

लिहिताना माझा ण कधी चुकला नाही. तोंडातून मात्र न येतो. घरात सगळ्यांचाच येतो. मी ण असलेले शब्द कागदावर उतरवले आणि फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करत बसले. कारण. प्रमाण. कोणता. आणि. मावशी सकाळच्या शिफ्टचा डबा भरता भरता ऐकायची. एक दिवस ती एवढंच म्हणाली, "कोनासाठी चाललंय गं हे?" मी म्हणाले, नोकरीसाठी. तिनं डब्याचं झाकण लावलं. नोकरीपुढं आमच्या घरात कुणी काही बोलत नाही.

नाय बंद केलं. लई बंद केलं. व्हय म्हणायच्या जागी होय म्हणायचं, तेही हळू. आठवडाभर तर मी मावशीशीही तसंच बोलत होते, सवय मोडू नये म्हणून.

एका दुपारी मायचा फोन आला. शेजारणीच्या फोनवरून केलेला. मी उचलला आणि म्हणाले, "हो, बोल ना आई, मी जरा अभ्यास करतेय." पलीकडून मायचा आवाज आला, दबलेला, परक्या माणसाशी बोलताना तिचा होतो तसा.

"तुमी कोन बोलताय, बाई?"

माझ्या मायनं मला तुमी म्हटलं. नंबर चुकला असं तिला वाटलं. मी म्हणाले, अगं माय, मी हाय. तेव्हा ती हसली, म्हणाली, लई मोठी झाली गं तू. खूश होती ती.

एवढं करून नोकरी मिळाली असती तर कदाचित हे लिहिलंही नसतं.

नऊ मुलाखती दिल्या. काही व्हिडिओ कॉलवर, पाठीमागचा पत्रा दिसू नये म्हणून मावशीची चादर टांगून. काही कंपनीत जाऊन. सगळीकडं तेच. प्रश्न यायचा, उत्तर यायचं डोक्यात, आणि ते तोंडापर्यंत येईस्तोवर मी त्यातले ण मोजत बसायची. एकदा एका मॅडमनी अगदी साधा प्रश्न विचारला. जावास्क्रिप्टमध्ये दोन बरोबरची चिन्हं आणि तीन बरोबरची चिन्हं यांत फरक काय? झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन, असा प्रश्न. मी "कारण" म्हणाले, ण नीट आला का ते मनात तपासलं, आणि पुढचं वाक्य गेलं. मॅडम थांबल्या. मी थांबले. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पुढं जाऊ.

दोनतीनदा टेक्निकलची फेरी पार पण झाली. मग एचआरचा फोन. टेक्निकल चांगलं आहे, कम्युनिकेशनवर काम करा. मी दरवेळी थँक्यू मॅम म्हणायची. कशाबद्दल थँक्यू, ते मला आजही सांगता येणार नाही.

थकले होते मी. रडूबिडू येत नव्हतं. नुसता थकवा. सकाळी उठून तेच प्रश्न, तीच उत्तरं, तोच इस्त्रीचा एक ड्रेस. बापाला फोनवर सांगायचं, चाललंय, होईल. तो पण थकलेलाच असायचा. तो म्हणायचा, बरं.

दहावी मुलाखत चिकलठाण्याच्या एका ऑफिसात होती. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही पंधरावीस जण. शेजारी एक मुलगी, डोक्यावरून ओढणी, मांडीवर फाइल. ती मघापासून माझ्याकडं बघत होती. शेवटी हळूच म्हणाली, "दीदी, तुम वो वीडियोवाले हैं ना?"

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. तिचं नाव नसरीन. शहागंजला तिच्या अब्बाचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान. दोन महिन्यांपासून ती त्याच क्लासला होती. आणि सर दर नव्या बॅचला, पहिल्याच आठवड्यात, माझा व्हिडिओ दाखवत होते. कसं बोलू नये, त्याचा नमुना म्हणून. पोरं क्लासबाहेर चहा पितानाही एकमेकांना "आनि" म्हणून चिडवतात, हेही तिनं सांगितलं. वाईट हेतूनं नाही सांगितलं. मला माहीत असेल, असंच तिला वाटत होतं.

मी विचारलं, तू हसली होतीस का?

ती म्हणाली, "नै दीदी, मैं क्या हँसती. मैं तो उस दिन से क्लास में मुँहच नहीं खोली." मग खाली बघत, "मेरा तो तुमसे भी बुरा है."

मला आत बोलावलं तेव्हा मी काय उत्तरं दिली ते आठवत नाही. बाहेर आले तेव्हा नसरीन आत होती. मी रिक्षा स्टँडवर उभी राहिले. ऊन होतं. दोन रिक्षा गेल्या. माझ्यावर पोरं हसली, ते मी गिळलं होतं. पण माझंच तोंड दाखवून दुसऱ्या पोरीचं तोंड बंद केलं जातंय, आणि ते दर बॅचला, हे गिळता येईना. मी हसले होते ना त्या दिवशी. त्या हसण्यानं सरांना परवानगीच मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासच्या वेळेलाच गेले. मुद्दाम. दार उघडून आत गेले, तीसेक पोरं, नसरीन मागच्या बाकावर. सर म्हणाले, "अरे, ये ये. लागली का कुठं?"

मी म्हणाले, "नाय लागली. माझा व्हिडिओ काढून टाका."

सर हसले. म्हणाले, बाहेर बस, नंतर बोलू. मी म्हणाले, दाखवता सगळ्यांसमोर, तर बोलूही सगळ्यांसमोर. मग ते समजावायला लागले. तुझं नाव तर आम्ही सांगत नाही. इतरांना शिकायला मिळतं. तुझ्या भल्यासाठीच होतं, बघ, आता किती सुधारलीस. हे सगळं अगदी शांत आवाजात. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी विचारलं, "माझं उत्तर बरोबर होतं की चूक?"

ते म्हणाले, "उत्तराचा प्रश्न नाहीये."

"मुलाखतीत उत्तराचा प्रश्न नाय, तर कशाचा हाय?"

सर घड्याळाकडं बघत होते. मी फळ्यापाशी गेले आणि पोरांना सांगितलं, तुम्ही अर्धं ऐकलंय, उरलेलं ऐका. कपाट उपसायची गरज नाय, पन नवं पुस्तक आलं की ते कपाटात पन ठेवावं लागतं आनि वहीत पन लिहावं लागतं. म्हंजी शोधनं सोपं होतं, भरनं अवघड होतं. म्हनून दिसंल तिथं इंडेक्स लावायचा नसतो. जिथं लोक जास्त शोधतात, तिथंच लावायचा. एवढंच उत्तर होतं माझं. हे कापलेलं हाय.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक पोरगा फोनमध्ये बघत होता. नसरीननं मात्र वही उघडून काहीतरी लिहिलं.

मग मी सरांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले. त्यांनी लॅपटॉपवरून व्हिडिओ काढला. मी म्हणाले, ड्राइव्हवरून पण. त्यांनी काढला. मी म्हणाले, आता ट्रॅशमधून. तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढं काम मला येत होतं, आणि मला ते येतं हे त्यांना पहिल्यांदा दिसत होतं. कुणाच्या फोनमध्ये असेल तर ते काही माझ्या हातात नाही. ते मला ठाऊक होतं.

काम झाल्यावर सर हळू म्हणाले, "इथून पुढं तुझं नाव पुढं करायला मला सांगू नकोस."

"सांगनार नाय," मी म्हणाले.

मी खाली रस्त्यावर येईपर्यंत क्लासच्या ग्रुपमधून मला काढलं होतं. त्या ग्रुपवरच नोकऱ्यांची माहिती यायची. मावशीला सांगितलं तेव्हा ती आधी चिडली. सहा महिने थांबली असतीस तर काय बिघडलं असतं, म्हणाली. तिचं चूक नव्हतं. बारा वर्षं ती सुपरवायझरची बोलणी खात आलीय. मग जेवताना तिनं विचारलं, भीती वाटली का? मी म्हणाले, व्हय, लई. तिनं मला अजून एक भाकरी वाढली.

आता मी स्वतःच अर्ज करते. बोलावणं कमी येतं. तयारी रोज करते, पण ण ची नाही. फक्त कामाची. गेल्या आठवड्यात एका कंपनीत दोन टेक्निकल फेऱ्या झाल्या, मी माझ्या बोलीत, मोडक्या इंग्रजीत, जसं येतं तसं बोलले. एकही उत्तर तोंडात अडकलं नाही. काल एचआरचा फोन आला. टेक्निकल चांगलं आहे, कम्युनिकेशनवर काम करा.

मी थँक्यू म्हणाले नाही. विचारलं, "मॅडम, माझं कोनतं उत्तर तुमच्या लोकांना समजलं नाय, ते सांगा."

त्या म्हणाल्या, तसा तपशील आम्ही देत नाही.

"मग टेक्निकलमध्ये मी पास झाले, एवढं लिहून पाठवा."

बघते म्हणाल्या. फोन ठेवला. मेल आलेला नाही. येणार नाही, मला माहीत आहे. मी आज परत त्यांना लिहिलंय. उद्या परत लिहीन. आणि यापुढं जी कंपनी मला हे वाक्य ऐकवेल, तिला हाच प्रश्न विचारीन. कोणतं उत्तर समजलं नाही, ते सांगा. त्यांना सांगता येत नसेल, तर कमी माझ्यात आहे असं मी माझ्या तोंडानं परत कधी म्हणणार नाय.