आलं तेच लिही

"बोटं बघू."

प्रयोगवही घेऊन कोणीही आलं की मामा प्रयोगशाळेच्या दारात आडवे उभे राहत आणि आधी बोटं बघत. तारेची जाडी मोजायच्या स्क्रूगेजला ते मुद्दाम जास्त तेल लावून ठेवत. ज्यानं ते खरंच हातात धरलं, त्याचा अंगठा आणि शेजारचं बोट काळं झालेलं असे. बोटं स्वच्छ असली की वही परत. काही हुशार पोरं सायकलच्या चेनला बोटं पुसून यायला लागली, तर मामा म्हणाले, "ह्ये चेनचं ग्रीस हाय. माझं तेल पातळ. जा परत."

हुद्द्यानं ते प्रयोगशाळा परिचर, म्हणजे चतुर्थ श्रेणी. खेड तालुक्यातल्या आमच्या ज्युनियर कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो, आणि ते माझ्या हाताखाली होते असं कागद म्हणतो. तरुणपणी मुंबईत एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडल्यावर गावी, बौद्धवाडीतल्या घरी परत आले आणि इथे लागले. कानशीनं लोखंड घासून सपाट कसं करायचं ते त्यांना येत होतं. मला आजही येत नाही.

आता जे सायन्सला होते त्यांनी उगाच साळसूदपणा करू नये. प्रयोगवही करायची नसते, उतरवायची असते, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे कधीकाळी कुणा विद्यार्थ्यानं तारेची जाडी लिहिताना दशांश चिन्ह एक घर पुढे टाकलं. पुढच्या वर्षीच्या पोरांनी ती वही उतरवली, त्यांची त्याच्या पुढच्यांनी. अशी कित्येक वर्षं आमच्या कॉलेजातली तार सुंभाएवढी जाड होती, आणि तरी शेवटचं उत्तर पुस्तकातल्यासारखं बरोबर येत होतं. मामांनी मला एकदा सहा वर्षांच्या वह्या टेबलावर पसरून दाखवल्या. प्रत्येक पानाखाली सही माझी होती.

"सर, येवढ्या जाड तारंवर तर गाय बांधता येईल," ते म्हणाले. मी हसलो. तिथेच मला लाज वाटायला हवी होती.

मग आलं करिअर मार्गदर्शन. बाहेरून एक कोटवाले पाहुणे आले. पडद्यावर रॉकेट उडवलं आणि एअरोस्पेस इंजिनियर व्हायला नववीपासून काय काय लागतं त्याची यादी वाचली. फाउंडेशन बॅच, कोडिंग, ड्रोनचं किट, इंग्रजी संभाषण. सगळं त्यांच्याच क्लासात मिळत होतं. अकरावीतली सायली उठली. रोज आतल्या गावातून एसटीनं येणारी, बाप मुंबईला कामाला. तिनं विचारलं, "सर, विमानाचे पंख एवढे वाकतात, तर मोडत का नाहीत?"

"व्हेरी गुड क्वेश्चन, बेटा," पाहुणे म्हणाले. "ते तुला कॉलेजात गेल्यावर कळेल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मामा मागे दिव्यांच्या बटणांपाशी उभे होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी तिला प्रयोगशाळेत नेलं, तुळईला एक तार टांगली, खाली वजनं लावली आणि तिला मोजायला बसवलं. "वाकतंय म्हनून मोडत नाय, बाय. किती वाकतंय, किती लांबतंय, ते आधी मोज. मंग बोल."

तेव्हापासून दर शनिवारी कॉलेज सुटल्यावर तिची एसटी येईपर्यंत हेच चाले. मामांचे नियम मोजके होते. एकदा मोजलेलं मोजलेलं नाही, तीनदा मोजायचं. खोडरबर वापरायचा नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. चित्र हातानं काढायचं. गणित कितीही छळो, सोडायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, "आलं तेच लिव." तिनं एकदा विचारलं, पुस्तकापेक्षा वेगळं आलं तर? "तर का आलं ता शोधायचं. आकडा खोटा लिवलास तर वही फाटत नाय गो. पन उद्या तू इमान करशील, त्यात मानसं बसतील."

एवढी तयारी त्या कोटवाल्याच्या यादीत कुठे होती, सांगा मला.

बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक आले की आमच्याकडे दोनच गोष्टींची काळजी असते, सुरमई ताजी आहे ना आणि साहेबांची गाडी चुकणार नाही ना. मुलांना तीसपैकी अठ्ठावीस-एकोणतीस ठरलेले. सायलीला तारेचाच प्रयोग आला. तिचं उत्तर पुस्तकापासून बरंच लांब आलं. खाली तिनं अर्धं पान लिहिलं होतं, की तार जुनी आहे, तिला मुरड पडली आहे, पहिली दोन वजनं मुरड सरळ करण्यातच गेली, म्हणून लांबी जास्त भरली.

"उत्तर चुकलंय. बदल," परीक्षक म्हणाले.

"सर, आलं तेच लिहिलंय."

"मग मार्कही तेवढेच येतील."

मामा पाण्याचा तांब्या घेऊन आत येत होते. त्यांनी तांब्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सायेब, तारंला मुरडच हाय. स्टूल देतो, वर चढून बघा. ह्याच तारंवर बाकीच्यांची उत्तरं बराबर कशी आली, ता त्यांना इचारा."

"तुम्ही शिपाई ना?" परीक्षकांनी विचारलं.

मी तिथेच, कॉलेजचा परीक्षक म्हणून त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. मुरड मला माहीत होती. बाकीच्यांनी उत्तर आधी लिहून मग आकडे बसवले होते, तेही माहीत होतं. परीक्षकांनी सायलीच्या नावापुढे सतरा लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली. मग आम्ही जेवायला गेलो, आणि सुरमई चांगली होती.

दुसऱ्या दिवशी मामांना मेमो निघाला, परीक्षेच्या कामात अडथळा आणल्याबद्दल. माझं मराठी चांगलं म्हणून प्राचार्यांनी तो मलाच लिहायला सांगितला. मी लिहिला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती त्यात. मामांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. ते त्यांनी गेटवर स्टुलावर बसून काढले.

निकाल लागला. प्रवेश परीक्षेत सायलीनं हव्या त्या संस्थेपुरते गुण मिळवले होते, पण बारावीच्या टक्क्यांची एक अट होती आणि ती थोडक्यात हुकली. ते अकरा-बारा मार्क असते तर हुकली नसती. हा हिशोब मी घरी कागदावर तीनदा करून पाहिला. तिनं चिपळूणला बी.एस्सी.ला नाव घातलं.

मी स्कूटर लावत होतो तेव्हा मामा गेटवरून उठून आले. आवाज खाली होता. "सर, पोरीला मी उगाच खरं शिकवलं काय?"

"तसं काही नाही मामा," मी म्हणालो आणि स्कूटरला कुलूप लावलं. त्या माणसानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मागच्या नवरात्रात मामा गेले. त्यांच्या गावच्या विहारात पुण्यानुमोदन होतं. आमच्या प्राचार्यांनी माइकवर 'शिस्तप्रिय कर्मचारी' म्हणून गौरव केला. माझं नाव पुकारल्यावर मीही उठून काहीतरी बोललो, प्रामाणिकपणा वगैरे. खाली बसलो तर शेजारी सायली होती. पांढरा ड्रेस, मांडीवर पर्स.

"सर, माझं बरोबर होतं, हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं ना?" तिनं हळूच विचारलं.

"हो."

"मग?"

तेवढ्यात मामांच्या मुलानं दारातून हाक मारली, सर, पंगत बसतेय, चला. मी लगेच उठलो. उठताना मला सुटल्यासारखं वाटलं. मला परीक्षकांचा राग आहे, प्राचार्यांचा आहे, त्या कोटवाल्याचा तर आहेच. पण सगळ्यात जास्त राग आहे तो त्या सुटल्यासारखं वाटण्याचा.