वैरण घालणारीचं नाव

"म्होरच्या दारात समदं बरंच असतं, भाऊ. चला मागल्या दारी," असं म्हणून बाई चालू लागायच्या. घरधनी उपरण्याने खुर्ची झटकून "बसा पावणं" म्हणेपर्यंत त्या घराला वळसा घालून गोठ्यात पोचलेल्या असायच्या. त्या खुर्चीवर मग मीच बसायचो.

अशी बाई तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असेल. पन्नाशीची, काटकुळी, पायात पुरुषी सँडल, खांद्याला रेक्झिनची पिशवी आणि पिशवीत फॉर्मचा गठ्ठा. त्या पेठ गावच्या. आधी बालवाडी चालवायच्या, ती बंद पडल्यावर आमच्याकडे आल्या. आमच्याकडे म्हणजे घोडेगावात झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. पुण्याच्या एका संस्थेसाठी आम्ही जुन्नर-आंबेगावात पाहण्या करायचो. कोण कुठला साबण वापरतो, कुणाचा फवारणीचा पंप गळतो, असलं काहीही. बाई आणि आणखी तिघे गावोगाव हिंडून फॉर्म भरायचे आणि मी ते कॉम्प्युटरमध्ये चढवायचो. नव्वदीची अखेर होती. आमच्याकडे तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे देव्हारा, आणि मी चपला बाहेर काढून आत बसणारा पुजारी. वीज असेल तेवढा वेळ माझा रुबाब चालायचा. काम कमी असलं की बाईंबरोबर गावांतही जायचो.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याविषयी चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. मीही चांगलंच बोलणार आहे, पण त्यात थोडं माझं पापही येईल.

त्या वर्षी काम आलं ते कुट्टी मशीनचं. वैरणीचे बारीक तुकडे करणारं, विजेवर चालणारं हे यंत्र गायीम्हशीवाल्या घरांतून नवीनच आलं होतं. पत्र्याच्या तोंडातून वैरण आत सारायची, दोन दातेरी रूळ ती ओढून घेणार आणि पुढचं पातं तिचे तुकडे पाडणार. ते बनवणाऱ्या कारखान्याला लोकांचा अनुभव जाणून घ्यायचा होता. त्यांच्याकडे विक्रीच्या पावत्या होत्या, दुकानदारांकडची तक्रारवही होती. वहीत तक्रार म्हणून नव्हती. तरी एकदा घरोघर विचारून या, म्हणाले.

फॉर्मातला पहिला प्रश्न होता, "मशीन कोण चालवतं?" पुढचे सगळे प्रश्न त्या चालवणाऱ्याला. आवाज फार होतो का, वीज किती खातं, आणि शेवटी समाधान कितपत. उत्तम, चांगले, ठीक की वाईट. घरोघरचे कर्ते पुरुष छाती पुढे काढून सांगत होते, "मीच की! लई झ्याक मशीन." उत्तमसाठी मला '१' हा आकडा दाबायचा असे. माझ्या कीबोर्डावरचा '१' पुसट होत आला.

आठवड्याभराने बाई जिना चढून आल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आपला सवालच चुकला."

"काय चुकलं?"

"आपुन इचारतो, मशीन कोन चालवतं. चालवनं म्हंजे बटन दाबनं. गडी बटन दाबतो आन् बाजूला हुतो. तोंडात वैरण घालती बाई. आन् तिला इचारलं तर ती म्हनती, मी कुठं चालवती, मी आपली वैरण घालती!"

मी हसलो. खरं तर माझ्या घरीही तेच होतं. मशीन वडिलांचं, वैरण आई घालायची. मला कुणी विचारलं असतं तर मीही वडिलांचंच नाव सांगितलं असतं.

बाईंनी मग आपली रीत काढली. फॉर्म भरून झाला तरी त्या उठायच्या नाहीत. गोठ्यात उकिडव्या बसून राहायच्या. घरची सून भारा सोडून वैरण सारायला लागली, की बाईंच्या डाव्या मुठीतला एकेक चिंचोका उजव्या मुठीत जायचा. पत्र्याच्या काठाच्या आत हात गेला की एक चिंचोका. वाळका कडबा लांबूनच सारता यायचा. उसाचं ओलं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, मात्र तोंडात गुंतायचं आणि ते दाबायला हात पार मनगटापर्यंत आत जायचा. तिथून रूळ वीतभर. बंद करायचं बटण पलीकडच्या भिंतीला. भारा संपला की बाई चिंचोके मोजायच्या आणि आकडा फॉर्मच्या समासात लिहायच्या, कारण फॉर्मात त्याला जागा नव्हती.

"तुजं नाव काय गं?" त्या सुनेला विचारायच्या.

"माजं कशाला? ह्यांचंच लिवा की."

"बरं, ह्यांचं काय?"

आता ह्यांचं नाव तर घ्यायचं नाही! सून पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघायची आणि बाई हसून बेजार व्हायच्या. "लिवायचं तरी काय मग, माय?"

बाई बौद्ध. काही घरांतून त्यांना पायरीवरच थांबवायचे, चहाचा कप निराळा यायचा. तो कप त्या भरलेला तसाच ठेवून उठायच्या. मी रस्त्यात चिडचिड करायचो, तर मलाच समजवायच्या. "मला कुठं त्येंच्या घरात जायचंय? मला गोठ्यात जायचंय. गोठ्याला इटाळ न्हाई, भाऊ." हे हसून म्हणायच्या, पण पुढचं मैलभर माझ्यापुढे झपाझप चालायच्या.

महिन्याने पुण्याहून संस्थेचे साहेब आले. माणूस भला, कधी आवाज न चढवणारा. बाईंनी पिशवीतून मूठ काढून त्यांच्यापुढे टेबलावर चिंचोके ओतले.

"ह्ये येका भाऱ्याचं, सायेब. येवढ्या येळा हात आत जातो. कुनाचा तरी हात जानार बगा येक दिस."

साहेबांनी एक चिंचोका उचलून निरखला. "किती घरांत मोजलंत?"

"धा-बारा."

"पाहणी दोन तालुक्यांची आहे, बाई. दहा-बारा घरांवरून निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय तुम्ही समोर बसता म्हणून त्या घाई करत असतील. बघणाऱ्यामुळे माणसाचं वागणं बदलतं, असं शास्त्र आहे."

"म्हंजे मी न्हाई बसले तर त्या हात घालत न्हाईत व्हय?"

साहेब हसले. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. समासातलं नक्की लक्षात ठेवतो, असं त्यांना सांगून साहेब जाता जाता मला म्हणाले, "तू कॉलम आहेत तेवढेच भर."

मी भरले. समासाला कॉलम नव्हता, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता ते मलाही खरं वाटतं. अहवाल रंगीत कव्हर घालून गेला. ग्राहक समाधानी होते.

बाई काही गप्प बसल्या नाहीत. दुसऱ्या कामाला जाता-येता त्या जुन्या घरांत डोकवायच्या. "हातानं दाबू नगंस गं, दांडकं घे." बायका हो म्हणायच्या. आठ दिवसांनी ते दांडकं चुलीत गेलेलं असायचं. "दांडक्यानं वैरण सरती व्हय, बाई? तवर गाया दावं तोडत्यात." याचं उत्तर मशीनचं तोंड लांब करण्यात होतं, आणि ते करू शकणारी माणसं आमचा जिना चढून कधी आली नाहीत.

उन्हाळ्यात राजुरीहून बातमी आली. मेंढरं विकून दोन जर्सी गायी घेतलेलं घर होतं ते. तिशीच्या आतली सून. ओलं वाढं गुंतलं, तिने ते दाबलं. उजव्या हाताची चार बोटं गेली. नवरा धावला होता, पण बटण पलीकडच्या भिंतीला होतं.

ती दवाखान्यातून घरी आल्यावर आम्ही भेटायला गेलो. त्या घरचा फॉर्म बाईंनीच भरला होता, चिंचोके तिथेही मोजले होते. नवरा ओसरीवर डोकं धरून बसला होता. आम्हाला बघून उठलासुद्धा नाही. "मी चालवीत व्हतो, बाई. मीच चालवीत व्हतो," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिला. आत ती भिंतीला टेकून बसली होती. हाताला पांढरं गाठोडं.

"माजीच चूक, बाई. तुमी सांगितलं व्हतं दांडकं घे. मलाच घाई."

"न्हाई गं. तुजी न्हाई," बाई म्हणाल्या. सासूने चहा आणला, तो बाईंनी बशीत ओतून, फुंकर घालून तिला पाजला.

परतताना एसटीत त्या एवढंच म्हणाल्या, "मला समदं म्हाईत व्हतं, भाऊ. मोजून म्हाईत व्हतं." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पावसाळ्यानंतर कारखान्याने पाहणीची दुसरी फेरी काढली. या वेळी सुधारणा झाली होती. वेळ वाचावा म्हणून वापरणाऱ्याचं नाव विक्रीच्या पावतीवरून आधीच छापून आलं होतं. आणि एक नवा प्रश्न होता, "यंत्रामुळे वापरणाऱ्यास कधी इजा झाली का? होय / नाही."

बाईंना तो प्रश्न बघून केवढा आनंद झाला! "इचारलं! इचारलं बगा शेवटी!" दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने त्यांनी राजुरी गाठली. तो फॉर्म मला अजून दिसतो. छापलेल्या नवऱ्याच्या नावावर काट, त्यावर बालवाडीच्या ठसठशीत अक्षरांत तिचं नाव, पुढे "वैरण घालणारी" आणि "होय"भोवती दोनदा गोल. खाली तिची सही. डाव्या हाताने केलेली, पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी.

मी ग्राहक क्रमांक टाकला. पडद्यावर नवऱ्याचं नाव आलं. ते पुण्याहूनच भरलेलं, मला बदलता येईना. "होय" टाकलं तर इजा नवऱ्याच्या नावावर जाणार. मी खाली जाऊन पुण्याला फोन लावला.

"वापरणाऱ्याचं नाव काय दिसतंय?" साहेबांनी विचारलं.

"नवऱ्याचं."

"त्याला लागलंय?"

"त्याला नाही, त्याच्या बायकोला..."

"मग वापरणाऱ्याला इजा नाही. वाईट झालं रे, मलाही वाईट वाटतं. पण नाव एकाचं आणि इजा दुसऱ्याची अशी नोंद गेली तर सगळी माहितीच संशयात येते. नाही टाक."

"पण साहेब," मी म्हणालो. आणि फोन ठेवून दिला. वर येऊन मी "नाही" टाकलं आणि पडद्यावर पुढचा फॉर्म आला. भांडायला हवं होतं. फॉर्म घेऊन पुण्याला जायला हवं होतं. हे सगळं मला आज सुचतं.

दोन दिवसांनी बाई आल्या. पाणीसुद्धा न पिता माझ्या शेजारी बसल्या आणि पडद्याकडे बघू लागल्या. त्यावरची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती.

"भाऊ, राजुरीचा फॉर्म झाला?"

"झाला."

"तिचं नाव गेलं का आत?"

मी कीबोर्ड पुसत होतो. पुसण्यासारखं काही नव्हतं.

"गेलं, बाई."

"तिचंच? नवऱ्याचं न्हाई ना?"

"तिचंच."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच पिशवी उचलली. "चहा सांगतो, बसा," मी म्हणालो.

"चहा नगं. मंचरची गाडी घावंल आत्ता. मंचरला आन् आळेफाट्याला बदलून दुपारपतूर राजुरीत जाती. तिला सांगून येती. लई वाट बगत असंल ती."

मी खिडकीशी गेलो. बाई खालून स्टँडकडे जवळजवळ पळतच निघाल्या होत्या. गाडी हलली होती. त्यांनी हात केला, कंडक्टरने बेल मारून ती थांबवली. हाक ऐकू जाईल इतक्या त्या जवळ होत्या. मी हाक मारली नाही, आणि त्या गाडीत चढल्या.