लताबाईंची भरली फ्लॉपी

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याकडं सगळ्याच बायकांना ठाऊक असतं. लताबाईंनी तो नियम कॉम्प्युटरला लावला, आणि माझ्या डोक्याला ताप करून ठेवला.

रविवार कारंजाजवळच्या आमच्या गल्लीत त्यांचं टायपिंगचं दुकान. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. लग्नपत्रिका, द्राक्षपेट्यांची लेबलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं त्यांच्याकडं. मी किशोर, समोरच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. गिऱ्हाईक मजकूर फ्लॉपीवर घेऊन यायचं, लताबाई काम करून फ्लॉपी परत द्यायच्या. पण तशीच नाही. "रिकामी कशी पाठवायची रे?" म्हणून प्रत्येकीत पत्त्यांचा खेळ भरून द्यायच्या. फुकट! लोक खूश. देवळाली कॅम्पापासून कळवणपर्यंत माणसं कामधंदा सोडून पत्ते पिसत बसली होती.

"बाई, अँटिव्हायरस नवा घाला," मी दर महिन्याला कोकलायचो.

"दोन वर्षांपूर्वी घातलास ना? लहानपणी देवीची लस टोचली, ती जन्मभर पुरली मला."

"अहो, रोज नवे व्हायरस निघतात! जुन्या औषधाला नवा रोग ओळखू येत नाही."

"बरं बरं, चहा घे."

आता या बाईपुढं काय डोकं फोडायचं?

९९ सालच्या एप्रिलात मी न विचारताच नवा अँटिव्हायरस घातला, आणि घाम फुटला. त्या पत्त्यांच्या खेळातच व्हायरस होता. फाईलला चिकटून बसायचं, दुसऱ्या फाईलला लागायचं आणि सव्वीस एप्रिलला जागं व्हायचं, अशी त्याची रीत. त्या दिवशी मशीन चालू केलं की आतलं सगळं पुसलं जाणार. लताबाईंचं मशीन मी साफ केलं. पण वाटलेल्या फ्लॉप्यांचं काय?

बाई खुर्चीत मटकन बसल्या. "म्हणजे सगळ्यांच्या घरी मी रोग वाटला?"

"गप्प बसा," मी म्हणालो. "व्हायरसवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. कुणाला कळणार नाही."

"अरे, मला कळलंय ना!"

"सांगितलंत तर पुन्हा एक गिऱ्हाईक पायरी चढणार नाही. वीस वर्षांचं नाव जाईल."

"गेलं तर गेलं," त्या म्हणाल्या खऱ्या. पण त्या दुकानाशिवाय त्यांना दुसरं होतं काय?

दुसऱ्या दिवसापासून हळदीकुंकवाचं बोलावणं करत फिरावं तशा बाई दारोदार. सोबत मी, रिक्षात, अँटिव्हायरसच्या फ्लॉप्या घेऊन. फ्लॉप्यांचा कोपऱ्यातला, लिहिणं बंद करणारा खटका मी आधीच सरकवून ठेवला होता, म्हणजे कुणाच्या मशीनमधला व्हायरस उलट त्यांच्यावर चढू नये. प्रत्येक दारात बाईंचं एकच: "तुमच्या कॉम्प्युटरला माझ्याकडून रोग लागलाय. हा किशोर साफ करून देईल." कॅम्पातल्या फोटोवाल्यानं विचारलं, कडुनिंबाचा पाला बांधला तर चालेल का? एका वकिलांनी मशीन साफ करून घेतलं आणि वर सुनावलं, "यापुढं आमचं काम दुसरीकडं." परत रिक्षात बसल्यावर बाईंचा सारखा पदर डोळ्याला.

शेवटचं दार पिंपळगावचं, द्राक्षाच्या पॅकहाऊसचे मालक सावळीराम. त्यांच्या हसण्याचा गडगडाटच झाला. "यंत्राला कुठं रोग होतो व्हय? डाऊनीचा रोग द्राक्षाला येतो, बाई! आमचं मशीन एकदम टणाटण हाय." हातसुद्धा लावू दिला नाही. लताबाई हात जोडून म्हणाल्या, "निदान सोमवारी, सव्वीस तारखेला, चालू करू नका हो." ते हसतच राहिले.

सोमवार गेला. मंगळवारी लताबाईंच्या दुकानात चिटपाखरू नाही. दुपारी टेम्पो थांबला आणि सावळीराम मेलेलं मशीन कडेवर घेऊन गल्लीतच ओरडायला लागले.

"या बाईनं माझ्या कॉम्प्युटरला रोग दिला! सगळी लेबलं गेली!"

गल्ली गोळा झाली. लताबाई पांढऱ्याफटक पडल्या. मनात म्हटलं, झालं, संपलं दुकान.

"आन् घरी येऊन तोंडानं सांगितलं पण! हात जोडले! मी मेला दात काढत बसलो, आन् सोमवारी मुद्दाम चालू केलं!" त्यांनी मशीन धाडकन बाईंच्या टेबलावर ठेवलं. "घ्या. लेबलं पुन्हा करून द्यायची. सगळी."

"माझ्याकडं?" बाई म्हणाल्या. "अहो, माझ्यामुळंच तर..."

"मग कुणाकडं? दुसऱ्याकडनं रोग आला तर तो मला सांगायला पिंपळगावला येनार हाय का?"

लताबाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि विचारलं, "पहिलं लेबल कुठलं करू?"