सुरणाचा पहिला काप

मंगळवारी सकाळी बायको स्वयंपाकघरात पडली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती गेली होती.

त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती, तरी मुलगी पुण्याहून येणार होती. फोनवर म्हणाली, "बाबा, काही करू नका. आईसारखे सुरणाचे काप जमले तर बघा, बस." मी जन्मभर शाळेत शिकवलं आणि घरी वाचत बसलो, स्वयंपाकघरात माझी मजल चहापर्यंत. पण पोरीनं एवढंच मागितलं होतं.

सराव म्हणून आठवडाभर आधी सुरण आणला. धुऊन ओल्या हातांनीच सोलला, चिरला, तव्यावर परतला. हात खाजू लागले. पाण्याखाली धरले तर खाज वाढलीच. काप तोंडात घातला आणि घसा धरला. सगळं टाकून दिलं.

मग बुधवारी गोदाकाठच्या आठवडी बाजारात गेलो. घोटीकडची एक मावशी तिथं सुरण, कोनफळ, रताळी घेऊन बसते. बायको तिच्याकडूनच घ्यायची; कधी पिशवी धरायला मी असायचो, म्हणून ती मलाही ओळखते. माझे हात बघून ती हसली.

"सुरण लागला का सर हाताला? तेल नाय लावलं?"

"माहीत नव्हतं."

"एवढी पुस्तकं वाचली, त्यात सुरण नाय आला कुठं?" मग तिनं सावकाश सांगितलं. "कोरड्या हाताला तेल लावून चिरायचा. चिंचेच्या पाण्यात उकडायचा. अन् पहिला काप आपण खाऊन बघायचा. ताई तसंच करायच्या. म्हणायच्या, सरांच्या घशाला सोसत नाय, खाजरा निघाला तर माझा घसा खाजू दे."

मी पिशवी पुढे केली आणि सुरण घेतला. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात माझा घसा एकदा धरला होता आणि मी ताट सारून उठलो होतो. पुढे तीस वर्षं काप आवडीनं खाल्ले, ते आपल्याला सुरण चांगला मिळतो अशा समजुतीत.

मावशीचे आभार मानले. बायकोचे मानायचे राहून गेले होते.

मुलगी आली. पहिला काप मी खाल्ला, थोडा वेळ थांबलो, मग तिला वाढले. मावशीचं बोलणं सांगितलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "आई म्हणायची, बाबांना सांगू नकोस, खायचे थांबतील." आणि आणखी दोन काप घेतले. "आईचे जास्त कुरकुरीत असायचे."

आता घरात मी एकटा असतो. सुरण मिळेल तेव्हा आणतो. काप बरे होतात.