कडू लागलेला पाला

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. घरात सापाचा विषय निघाला की मी उठून बाहेर जातो. नातवंडांना वाटतं, आजोबा सापाला भितात. भितोच, पण उठून जाण्याचं कारण ते नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या मुरुडकडे दुष्काळ होता आणि पाझर तलावाच्या कामावर मी मुकादम होतो. नाल्यातले दगड उचलून बांधाला लावायचे. अशा दिवसांत सापही ओल शोधत दगडाखाली येतात. म्हणून पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना बजावलं होतं : दगडाखाली बोटं घालायची नाहीत. पलीकडच्या कडेला पहार अडकवून दगड आपल्याकडे उलटायचा, म्हणजे खाली काही असलं तरी मध्ये दगडाची आड राहते.

तो नियम मीच मोडायला लावला. त्या दिवशी नव्या जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार होते. पहारी सगळ्या खोदाईवर गेलेल्या. एक बाई काम थांबवून पहारीची वाट बघत उभी होती. माझ्याहून थोडी मोठी. मी तिला अक्का म्हणायचो.

"अक्का, उचला की हातानं. साहेब यायलेत."

"मग तुमच्या सायबासाठी माझी बोटं चारू व्हय सापाला?"

बाया खिदळल्या. मला ते झोंबलं.

"साप तुम्हाला बघूनच पळतंय. उचला!"

तिनं उचलला. घोणशीचा तो फुत्कार कुकरच्या वाफेसारखा होता; अजून स्वयंपाकघरात कुकर फुसफुसला की माझी मान ताठ होते. तिच्या बोटावर रक्ताचे दोन टिपके उमटले.

कुणीतरी कडुलिंबाचा पाला ओरबाडून आणला. आमच्याकडची समजूत अशी, की पाला कडू लागला तर विष चढलेलं नाही. मी तो माझ्या हातानं तिला चारला.

"कसा लागतोय?"

"कडू हाय. लई कडू."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझा सगळ्यांत आधी. तिला मी बाभळीआड बसवलं. साहेबांची जीप आली, तासभर थांबली, गेली. अक्काला साप चावल्याचं मी साहेबांना सांगितलंच नाही. घोणशीचं विष जिभेची चव घालवत नाही, रक्त नासवतं, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. ऊन कलेपर्यंत तिचा हात कोपरापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. मग बैलगाडी, मग एका ट्रकमधून लातूर. ती वाचली. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

वर्षभरानं मुरुडच्या बाजारात ती दिसली. मी मनात वाक्य घोकत पुढे झालो. तिनंच मला गाठलं आणि सोबतच्या बाईला म्हणाली, "ह्या मुकादमानं पाला चारला म्हणून वाचले बग. आता वाडीत कुणाला पान लागलं, साप चावला, तर पयला पाला मीच नेऊन देते."

"अक्का, पाल्यानं न्हाई..."

"ऱ्हाऊ द्या! उपकार केलेलं माणूस लाजतंच."

मी मान हलवली आणि निघालो. तिच्या वाडीत नंतर कुणी पाल्याच्या भरवशावर बसून राहिलं का, हे विचारायलाही मी कधी गेलो नाही. आता अक्का नाही.

घोकलेलं वाक्य एवढंच होतं : अक्का, दगड मी उचलायला लावला, जीप मी जाऊ दिली, पाल्यानं तुम्ही वाचला नाहीत, चुकलं माझं.